अमृतरावांचं बेखमीर घर

हात आधी वर जायचा आणि विचार मागून यायचा, असं अमृतरावांचं जन्मभर चाललं होतं. नांदेडला, मंडळीचे प्रमुख आदिनाथभाऊ यांच्या घरी शनिवारची प्रार्थना संपत आली होती. भाऊंनी सहज विचारलं की यंदा वल्हांडणाचं जेवण लातूरला कुणाच्या घरी ठेवता येईल का. लातूरची सहा घरं दर वेळी एसटीनं एवढ्या लांब येतात, बायामाणसांचे गुडघे दुखतात. तिकडचा सण नीट पार पडला तर तिकडंच प्रार्थनेची मंडळी सुरू करू, आणि ज्याच्या घरी भरेल त्यानंच ती सांभाळावी. 'सांभाळावी' हा शब्द भाऊंच्या तोंडून पुरता बाहेरही पडला नव्हता तोच अमृतरावांचा हात वर गेला होता. दीपमालाबाईंनी शेजारून त्यांचा सदरा ओढला, पण सदरा खाली आला आणि हात वरच राहिला.

अमृतराव एसटीच्या आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. ज्या माणसानं आयुष्यभर गाड्या सोडल्या, त्याच्या हाती निवृत्तीनंतर सोडायला काही उरलं नव्हतं. घरात दोनच माणसं, त्यातलं एक ऐकत नसे. त्यामुळं सहा घरांची मंडळी सांभाळायला मिळणार या कल्पनेनं त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. परतीच्या एसटीत ते लातूर येईपर्यंत बोलत होते आणि दीपमालाबाई लातूर येईपर्यंत झोपल्या होत्या.

आता ही मंडळी म्हणजे कोण, ते सांगायला हवं, कारण गल्लीतही ते कुणाला धड कळलं नव्हतं. ही माणसं येशूला मसीहा, म्हणजे देवानं पाठवलेला तारणारा, मानणारी, त्याला येशुआ म्हणणारी; पण त्यानं स्वतः जे सण पाळले ते आपणही पाळावेत असं मानणारी. म्हणून नाताळला यांच्या घरावर चांदणी लागत नसे आणि चैत्राच्या पौर्णिमेला, गल्ली हनुमान जयंतीच्या गडबडीत असताना, यांच्याकडं वल्हांडण असे. मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामीतून इस्राएली लोक एका रात्रीत निघाले, कणीक फुगायलाही सवड मिळाली नाही, त्याची ही आठवण. त्या संध्याकाळपासून आठवडाभर खमीर, म्हणजे पीठ आंबवून फुगवणारा पदार्थ, खायचा नाही आणि घरातही ठेवायचा नाही.

आदिनाथभाऊंनी निघताना अमृतरावांना बाजूला घेऊन त्याचा अर्थ पुन्हा नीट समजावला होता. ते म्हणाले होते की चिमूटभर खमीर परातभर पिठाला पुरतं, आणि माणसातला ताठाही तसाच असतो. मसीहा आपल्यासाठी ताठा नसलेली भाकर झाला, म्हणून आपण आठवडाभर आपल्या आत काय काय आंबलंय ते शोधायचं. घर झाडणं ही खूण आहे, खरं झाडायचं ते आत. अमृतरावांनी यातलं 'घर झाडणं' तेवढं पक्कं लक्षात ठेवलं. आतलं झाडायची त्यांना फारशी गरज वाटली नाही, कारण तिथं सगळं ठीकच आहे अशी त्यांची पूर्वीपासूनची समजूत होती.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी घराची झडती सुरू केली. खारी निघाली, टोस्ट निघाले, बिस्किटांचे पुडे निघाले, गाद्यांच्या खाली कधीकाळचा एक पावाचा तुकडा निघाला, आणि तो सापडल्यावर अमृतरावांनी बायकोकडं असं पाहिलं की जणू विनातिकीट प्रवासीच पकडला. खायचा सोडा गेला. पोटासाठीची फसफसणारी पूड गेली. मग त्यांनी दह्याच्या भांड्यावर हात ठेवला.

"दह्याला हात लावू नगा," दीपमालाबाई म्हणाल्या. "दही आंबतं, फुगत न्हाई."

"आंबणं तेच खमीर."

"मग तुमचं लोणचं? आणि तुमचा रोजचा सुभाव?"

अमृतरावांनी दुसऱ्या प्रश्नाकडं दुर्लक्ष केलं आणि विरजणासकट दही शेजारी शरणम्माकडं नेऊन दिलं. तिथून येऊन त्यांनी भाऊंना फोन लावला तेव्हा कळलं की बंदी धान्याच्या खमिराची, दह्याला काही अडचण नाही. पण दिलेलं विरजण परत मागायला जायचं म्हणजे चूक कबूल करायची, आणि तसली सवय आगारातही नव्हती. तोवर शरणम्मानं त्या दह्याची कढी केली होती.

ही शरणम्मा मूळची उदगीरकडची. मनानं मोठी आणि आवाजानं त्याहून मोठी. तिचा फ्रिज बंद पडला होता म्हणून तिचं इडलीचं पीठ यांच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला होतं. अमृतरावांनी ते दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून तिच्या दारात नेऊन ठेवलं. शरणम्मानं विचारलं की आमच्या पिठानं काय गुन्हा केला. त्यांनी सणाचा अर्थ सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि सल्ला दिला की एवढी उठाठेव कशाला, सरळ साबुदाणा खा, सगळ्या देवांना चालतो. शिवाय उन्हाच्या दिवसांत पीठ बाहेर ठेवायला लावलंत, ते आता रात्रीतून भांड्याबाहेर येतंय की नाही बघा, असंही ती म्हणाली. ते आलंच, आणि सकाळी दोन्ही घरांच्या मधल्या पायरीवर पांढरं खमीर पसरलेलं पाहून अमृतरावांनी ते स्वतः घासून काढलं.

जमा झालेल्या मालाचं पोतं भरलं होतं. त्याचं करायचं काय हा प्रश्न त्यांना आदल्या दिवशी, झडती संपल्यासंपल्याच पडला होता. त्याच दुपारी घंटागाडी आली तेव्हा ते पोतं घेऊन बाहेर गेले. गाडीवरच्या बाईनं पोत्यात डोकावून विचारलं की हे ओलं का सुकं. अमृतराव म्हणाले टोस्ट सुकाच असतो. ती म्हणाली खायची वस्तू ओल्यात येते. मग ओल्यात टाका म्हणाले, तर पुड्यांचा कागद सुक्यात येतो, आधी वेगळं करा. एकेक पुडा फोडून वेगळं करायचं म्हणजे खमिराचा चुरा पुन्हा दारात सांडणार, हे अमृतरावांनी तिला पटवून द्यायचा प्रयत्न केला. तिनं नियम म्हणजे नियम असं सांगून गाडी पुढं घेतली. आयुष्यभर हेच वाक्य दुसऱ्यांना ऐकवलेल्या माणसाला ते पहिल्यांदाच समोरून ऐकायला मिळालं, आणि ते ऐकायला फारच वाईट असतं असं त्यांचं मत झालं. दारातून दीपमालाबाई म्हणाल्या की अन्न टाकायचं नसतं, कुणाला तरी द्या.

कोपऱ्यावर जिलानीची बेकरी होती. पोत्यातला बहुतेक माल तिथूनच आलेला. ज्याचं त्याला द्यावं, यात अमृतरावांना मोठा न्याय दिसला. दुकानात गिऱ्हाईकं उभी असताना त्यांनी पोतं गल्ल्यापाशी ठेवलं आणि म्हणाले, "जिलानी, हे घे. घरात ठेवण्यासारखं न्हाई हे." एवढं बोलून ते निघून आले. आणखी चार शब्द बोलायला हवे होते, पण सणाच्या धांदलीत माणसानं किती बोलावं.

उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांत शरणम्मा होती. ती खोटं बोलणारी बाई नव्हे. ऐकलेली गोष्ट अर्धी राहू नये एवढीच तिची इच्छा असे. संध्याकाळी गल्लीत बातमी होती की अमृतरावांनी जिलानीचा माल परत केला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे सणाच्याच सकाळी, टोस्टात अळी निघाली होती. दुपारपर्यंत अळीचं झुरळ झालं होतं. अमृतरावांना यातलं काही माहीत नव्हतं, कारण ते मलप्पाच्या गिरणीत ज्वारी घेऊन उभे होते आणि गिरणी आधी झाडून घ्या म्हणून त्याच्याशी वाद घालत होते. गिरणीत फक्त पीठ असतं, हे मलप्पानं त्यांना पुष्कळ वेळ सांगितलं. शेवटी त्यानं झाडू त्यांच्याच हातात दिला, आणि अमृतराव पांढरेफटक होऊन, पण समाधानानं, घरी आले.

तोच सणाचा दिवस. संध्याकाळी सहा घरं येणार, नांदेडहून आदिनाथभाऊ येणार. कारल्याची भाजी झाली होती, कारण गुलामीच्या आठवणीसाठी कडू काहीतरी लागतंच. मटण शिजत होतं. द्राक्षाचा रस गाळून ठेवला होता. फक्त बेखमीर भाकरी करायच्या उरल्या होत्या, आणि त्यात काहीच अवघड नव्हतं. ज्वारीची भाकरी म्हणजे पीठ, पाणी आणि हात. मराठवाड्यात माणूस वर्षभर बेखमीरच खातो. दीपमालाबाईंनी ऊन पाण्यात पीठ मळलं, पहिली भाकरी थापून तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि मग जाळावर धरली. भाकरी टम्म फुगली.

मागं उभे असलेले अमृतराव ओरडले नाहीत, पण त्यांनी टेबलावरचा काटा उचलला आणि भाकरीत खुपसला.

दीपमालाबाईंनी त्या भाकरीकडं पाहिलं. त्यांच्या भाकरीचं नाव गल्लीत होतं. नव्या सुना त्यांच्याकडं थापायला शिकायला येत. भाकरी फुगली की सासू गप्प बसते, असं त्या प्रत्येकीला सांगत. आणि आज त्यांच्याच स्वयंपाकघरात त्यांच्या भाकरीला कुणी भोक पाडलं होतं.

"हे काय करायलात?"

"फुगली ती. सणाला फुगलेलं चालत न्हाई."

"अहो, वाफ हाय ती. भाकरीला पापुद्रा सुटला की आत वाफ धरती."

"फुगणं ते फुगणंच. भाऊ येऊन बघतील तर काय म्हणतील? तू जाड थाप आन दाबून भाज."

दीपमालाबाईंनी गॅस बंद केला. हात धुतले. पदराला हात पुसले. मग फार हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच थापा. तुमच्या हाताला खमीर नसंल," आणि शरणम्माकडं निघून गेल्या. त्यांचा आवाज हळू झाला की प्रकरण गंभीर असतं, हे अमृतरावांना इतक्या वर्षांत कळायला हरकत नव्हती. पण ते त्या वेळी परातीतल्या गोळ्याकडं बघत होते आणि मनात म्हणत होते की यात काय अवघड आहे.

पहिली भाकरी परातीतून उचलतानाच दोन ठिकाणी तुटली. दुसरी तव्यापर्यंत पोचली आणि तिथं तिचे तुकडे झाले. पीठ कमी पडलं म्हणून त्यांनी नवं पीठ घेतलं आणि ते गार पाण्यात मळलं, त्यामुळं त्याला चिकटपणाच येईना. तिसरी त्यांनी आगारातल्या निर्धारानं थापली. ती कोपरापर्यंत पीठ लावून गेली, एका बाजूनं करपली, दुसरीकडून कच्ची राहिली. फुगली मात्र नाही. त्या दृष्टीनं ती निर्दोष होती.

याच वेळी बाहेरून जिलानीची हाक आली.

अमृतराव पिठाच्या हातानं बाहेर आले तर दारात जिलानी, त्याच्यासोबत ते पोतं, आणि पोत्यामागं अर्धी गल्ली. जिलानी एरवी हसतमुख माणूस. आज त्याचा चेहरा उतरला होता.

"काका, तुमच्याशी माझं काही वाकडं हाय का?"

"न्हाई रे. कशाला?"

"मग माझ्या टोस्टात झुरळ कसं निघालं? सकाळपास्नं एक पाव विकला न्हाई. अम्मी रडायली घरात. बाबांच्या टायमापास्नं हाय ही बेकरी. कुणी असं नाव न्हाई ठिवलं."

अमृतरावांनी सांगायला सुरुवात केली. त्यांनी मिसरपासून सुरुवात केली, आणि ती चूक होती. गुलामी, रातोरात पलायन, न फुगलेली कणीक, असं करत ते मसीहापर्यंत येईतो मागचे लोक विचारायला लागले की मग झुरळ कुठून आलं. शरणम्मा गच्चीवरून म्हणाली की झुरळाचं आपण ऐकलेलं नाही, आपण फक्त अळी ऐकली होती. तिच्या शेजारी दीपमालाबाई उभ्या होत्या.

"काका, बोलून काही हुत न्हाई," जिलानी म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "तुम्ही समद्यांसमोर खाऊन दाखवा. माझी इज्जत राहील."

अमृतरावांनी पश्चिमेकडं पाहिलं. सूर्य पाण्याच्या टाकीच्या मागं उतरायला लागला होता. सण सूर्य मावळल्यावर सुरू होणार. अजून सुरू झालेला नव्हता. पण ज्या माणसानं गाद्यांच्या खालचा तुकडा शोधून काढला, गिरणी झाडली, पायरी घासली, त्यानं सणाच्या तोंडावर भर गल्लीत टोस्ट खायचा? त्यांना वाटलं नाही म्हणावं. मग त्यांनी जिलानीकडं पाहिलं. काही का असेना, पोतं त्यांनीच नेलं होतं आणि चार शब्द कमी तेच बोलले होते. त्यांनी पोत्यात हात घातला.

टोस्ट कडक होता, त्यामुळं तो खाताना आवाज झाला आणि गल्लीनं तो समाधानानं ऐकला. मागून कुणीतरी म्हणालं की खारी पण होती म्हणे. त्यांनी खारी खाल्ली. खारीचे पापुद्रे मिशीवर, सदऱ्यावर, दारात, सगळीकडं झाले. जिलानीनं डोळे पुसले आणि कुणालातरी चहा आणायला पाठवलं, कारण कोरडा टोस्ट घशात अडकतो. अमृतराव दुसरा टोस्ट चहात बुडवून तोंडात घालत होते तेव्हाच रिक्षा येऊन थांबली आणि तिच्यातून आदिनाथभाऊ उतरले.

भाऊंनी आधी टोस्टाकडं पाहिलं, मग पिठानं भरलेल्या कोपरांकडं, मग गर्दीकडं. अमृतरावांना गिळताही येईना आणि टाकताही येईना. आपली मंडळी गेली, आपलं नाव गेलं, आणि नांदेडात पुढच्या शनिवारी हीच गोष्ट सांगितली जाणार, हे सगळं त्यांना त्या एका घासात दिसलं.

"सावकाश खा," भाऊ म्हणाले. "सूर्य अजून हाय वर."

गर्दी पांगली. जिलानी पोतं घेऊन जाताना लोकांनी त्यातलेच टोस्ट त्याच्याकडून विकत मागितले, आणि जातानाच तो पुन्हा हसायला लागला होता. अमृतरावांनी चूळ भरली, सदरा बदलला, दार झाडलं. तोवर सहा घरं जमली, दिवा लागला, माणसं पंगतीत बसली. भाऊंनी प्रार्थना केली आणि भाकर आणा म्हणाले.

अमृतरावांनी तिसरी भाकरी ताटात आणून ठेवली. पंगतीतल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं आणि मग सगळ्यांनी छताकडं पाहिलं. कुणी हसलं नाही, आणि हेच अमृतरावांना जास्त लागलं. एक भाकरी फुगली म्हणून मीच बायकोला हाकललं, हे त्यांना सांगावं लागलं, आणि सांगताना पहिल्यांदाच त्यांनी त्यात मिसर आणलं नाही. मग ते उठले आणि शरणम्माच्या दारात जाऊन उभे राहिले. मधे पायरीच होती, त्यामुळं पंगतीला सगळं ऐकू येत होतं.

"चल घरी," ते म्हणाले.

"कशाला?" आतून दीपमालाबाईंचा आवाज आला.

"माझ्याच्यानं भाकरी हुईना."

"मी केली तर फुगंल."

 पलीकडं माणसं ताटावर बसून होती. कुणालाच भूक लागलेली नाही असं सगळे दाखवत होते.

"फुगू दे," ते म्हणाले. "माझं चुकलं. तुझ्या भाकरीला भोक पाडायला नगं हुतं मी."

दीपमालाबाई बाहेर आल्या. डोळे लाल होते, पण चालणं नेहमीचं होतं. शरणम्मा मागून तव्याजवळ बसायला आली, कारण तिच्या मते आता तिला कुणी घालवून देऊ शकत नव्हतं. पाणी उकळलं, पीठ मळलं गेलं, आणि परातीवर त्या हातांचा तो ठरलेला आवाज सुरू झाला तशी पंगतीतली माणसं जरा सैल बसली. पहिली भाकरी जाळावर गेली आणि फुगली, इतकी की शरणम्मानं मान डोलावली. दीपमालाबाईंनी ती तशीच ताटात घालून भाऊंच्या पुढं ठेवली.

भाऊंनी भाकरी मोडली. आतून वाफेचा भपकारा निघाला आणि भाकरी खाली बसली. दोन पातळ पापुद्रे, मधे काही नाही. त्यांनी पहिला तुकडा अमृतरावांच्या हातात दिला आणि म्हणाले की सणाचा अर्थ तुम्ही सांगणार होतात, सांगा, मग जेवू. अमृतरावांनी त्यासाठी महिनाभर तयारी केली होती. घशात शब्द जमले होते. पण स्वयंपाकघराच्या दारातून दीपमालाबाईंनी आधी विचारलं.

"बगा नीट. हाय का खमीर कुटं?"

अमृतरावांनी हातातला तुकडा उलटून पाहिला, सुलटून पाहिला. मग बायकोकडं पाहिलं.

"भाकरीत न्हाई," ते म्हणाले.

 भाऊंनी मान खाली घालून हसू लपवलं, आणि पुढच्या महिन्यापासून मंडळी याच घरी भरेल असं ते नंतर सगळ्यांना सांगणार होते. अमृतरावांनी घसा खाकरला आणि तयार केलेल्या भाषणाचं पहिलं वाक्य आठवायला लागले.

"अर्थ सांगून झाला त्यांचा," दीपमालाबाई म्हणाल्या आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकली. "गरम हाय तवर खा आता."